पुसली तरी परत येणारी कुकी: कॉम्प्युटरवरून हाताने कशी काढायची

लालबागच्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी बसते. तिथे चार कॉम्प्युटर आहेत आणि ते सगळ्यांचे आहेत. एमपीएससीची मुलं, वीजबिल भरायला आलेले आजोबा, आणि जून लागला की अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरणाऱ्या मुली नि त्यांच्या आया. मागे एका जूनमध्ये एक काकू लेकीचा अर्ज भरायला बसल्या. साइट उघडली तर वर उजव्या कोपऱ्यात भलत्याच मुलाचं नाव.

“अगं, हा कोण? मी तर आत्ता येऊन बसलेय.”

मी कुकीज, म्हणजे साइटने ओळख पटवायला कॉम्प्युटरवर ठेवलेल्या छोट्या खुणा, पुसल्या, पान पुन्हा उघडलं. तेच नाव. परत पुसल्या. परत तेच. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि हळूच विचारलं, “माझ्या पोरीचे मार्क त्याच्या अर्जात नाही ना जाणार?” भीती रास्त होती. त्या मुलाच्या खात्यात बसून आम्ही काही भरलं असतं तर दोन घरांचा घोळ झाला असता.

त्या दिवशी अर्धा तास गेला. त्यानंतर मी पुसापुशीचा एक क्रम ठरवला आणि तोच इथे लिहिते आहे. कुकी मुळात चिवट नसते. ती ‘परत येते’ तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: ती खरं तर पुसलीच गेलेली नसते, किंवा आपण दुसऱ्याच कपाटातली पुसलेली असते, किंवा कोणीतरी मागून ती पुन्हा आणून ठेवत असतं. यातलं कुठलं झालंय ते कळलं की काम पाच मिनिटांचं आहे. ते न शोधता सगळंच पुसत सुटलं तर नुकसान होतं, आणि कुकी कधीकधी तिथेच राहते.

एक सूचना आधीच देते. स्क्रीनवरची नावं बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत दिसतात, म्हणून मी ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ब्राउझरच्या (ज्यातून आपण साइट उघडतो ते क्रोम, एज, फायरफॉक्स किंवा सफारी) नव्या आवृत्तीत एखादं नाव थोडं इकडचं तिकडे होतं. ‘प्रायव्हसी’ आणि ‘साइट डेटा’ हे शब्द शोधत गेलात की रस्ता सापडतो.

कुकी म्हणजे बिल्ला

देवळाबाहेर चपला ठेवल्या की स्टँडवाला नंबराचा बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो. कुकीचं काम अगदी असंच चालतं. वेबसाइटच्या यंत्राला तुम्ही कोण हे आठवत नसतं. तुमचा ब्राउझर दर वेळी पान मागताना आपल्याकडचा बिल्ला दाखवतो आणि मग समोरून ओळख पटते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती ब्राउझरमध्ये आणली. त्याआधी एका पानावरून दुसऱ्या पानावर आलेला माणूस तोच आहे हे साइटला कळायची सोपी सोय नव्हती. कुकी हा प्रोग्रॅम नव्हे आणि व्हायरसही नव्हे. साधारण चार किलोबाइटपर्यंतचा मजकुराचा तुकडा, एवढाच तिचा जीव.

बिल्ल्याची ही गोष्ट डोक्यात ठेवली की दोन गोष्टी आपोआप कळतात. बिल्ला फेकून दिला तरी चपला स्टँडवरच राहतात. म्हणजे कुकी पुसल्याने साइटकडची तुमची माहिती पुसली जात नाही. आणि तुमचा बिल्ला दुसऱ्याच्या हातात गेला तर चपला त्याला मिळतात. म्हणून सार्वजनिक कॉम्प्युटरवर आधी ‘लॉग आउट’ दाबायचं आणि मग कुकी पुसायची. लॉग आउट म्हणजे स्टँडवाल्याला सांगून नंबर रद्द करून घेणं. काकूंच्या आधी बसलेल्या मुलाने तेवढं केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बिल्ले दोन प्रकारचे. काहींवर मुदत नसते, ब्राउझर पूर्ण बंद झाला की ते जातात. यांना सेशन कुकी म्हणतात. बाकीच्यांवर शेवटची तारीख असते. पूर्वी ही तारीख वीस-वीस वर्षं पुढची टाकलेली दिसायची. २०२२ पासून क्रोम कुठल्याही कुकीला ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही.

पुसण्याआधीची चाचणी

ही चाचणी कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. आधीच्या सगळ्या खासगी खिडक्या बंद करा, मग एक नवी उघडा. क्रोममध्ये आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकत्र, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. तिथे तीच साइट उघडा. या खिडकीत जुने बिल्ले नसतात.

तिथे साइट नीट चालली तर दोष तुमच्या कॉम्प्युटरवर साठलेल्या गोष्टींत आहे. पुढे वाचा. (एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, तेसुद्धा खासगी खिडकीत सहसा बंद असतात, त्यामुळे तेही संशयित, त्यांच्याकडे नंतर येऊ.) तिथेही तोच घोळ असेल तर कुकीचा काही संबंध नाही. साइटच बिघडलेली असेल, किंवा खात्यात काही अडकलं असेल. अशा वेळी रात्रभर कुकीज पुसल्या तरी हाती काही लागणार नाही.

कुकीचा बिघाड चेहऱ्यावरून ओळखताही येतो. दुसऱ्याचं नाव दिसणं हे झालंच. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनचंच पान येणं, पान उघडायच्या ऐवजी ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असा संदेश येणं, किंवा पांढऱ्या पानावर ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’ एवढंच दिसणं. या शेवटच्या संदेशात तर साइट स्वतःच सांगतेय की एवढे बिल्ले साठलेत की दाखवताना हातात मावत नाहीत.

पुसल्यावर काय जातं ते आधी बघा

ज्या साइटची कुकी काढाल तिथून तुम्ही बाहेर पडाल. परत आत जाताना पासवर्ड लागेल, आणि कदाचित मोबाइलवर ओटीपी येईल. बाबांच्या खात्याला जोडलेला फोन मुलाकडे आणि मुलगा विरार लोकलमध्ये, असं असेल तर थांबा. अर्धवट भरलेला अर्ज असेल तर आधी ‘सेव्ह’ करा.

माझी एक चूक सांगते. एका संध्याकाळी घाईत मी पुसण्याच्या यादीतल्या सगळ्याच चौकोनांवर खूण केली. त्यात ‘पासवर्ड्स’ही होतं. एका निवृत्त आजोबांनी त्यांच्या पेन्शनच्या साइटचा पासवर्ड त्या ब्राउझरमध्येच ठेवला होता, दुसरीकडे कुठे लिहिलेला नव्हता. त्यांना पुढचे दोन दिवस नवा पासवर्ड मिळवण्यात घालवावे लागले. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पासवर्ड आणि कुकी या वेगळ्या गोष्टी आहेत. कुकी काढायला पासवर्डच्या चौकोनाला हात लावावा लागत नाही. क्रोममध्ये गूगल खात्याने सिंक (म्हणजे कॉम्प्युटर आणि फोनवरची माहिती आपोआप एकसारखी ठेवणं) चालू असेल तर इथून पुसलेले पासवर्ड फोनवरूनही जातात, हेही लक्षात असू द्या.

एकाच साइटची कुकी काढणं

सुरुवात नेहमी इथून. घरातलं एक भांडं करपलं म्हणून आपण सगळी भांडी घासायला काढत नाही.

त्या साइटचे जेवढे टॅब उघडे असतील तेवढे आधी बंद करा, फक्त एक ठेवा. खाली दडवलेल्या खिडक्याही बघा. उघडं पान गप्प बसलेलं नसतं, ते मधूनमधून साइटशी बोलत असतं आणि तुम्ही पुसलेला बिल्ला नव्याने घेऊन येतं. ‘मागून कोणीतरी आणून ठेवतंय’ म्हणाले ना, त्यातला नेहमीचा गुन्हेगार हाच.

क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत डावीकडे एक छोटं चिन्ह असतं, दोन आडव्या रेघा आणि त्यांवर बटणं असल्यासारखं. ते दाबा, ‘कुकीज अँड साइट डेटा’ निवडा, मग ‘मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा’. एक यादी उघडते. तिच्यात प्रत्येक नावासमोर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. ते दाबा. यादीत तीन-चार नावं असतील तर सगळ्यांसमोरचं दाबा, फक्त पहिल्याचं दाबून थांबू नका.

का, ते सांगते. मोठ्या साइटचे अनेक भाग असतात. अर्जाचं पान एका उपनावावर, लॉगिनचं दुसऱ्या, कागदपत्रं चढवायचं तिसऱ्या. बिल्ला यांपैकी एकाच भागापुरता दिलेला असू शकतो, किंवा मूळ नावाने दिलेला असू शकतो, म्हणजे सगळ्या भागांत चालणारा. तुम्ही अर्जाच्या भागातला पुसला आणि मूळ नावाचा राहिला तर पान उघडताच ओळख पुन्हा पटते. काही ठिकाणी तर लॉगिन पूर्ण वेगळ्याच साइटवरून होतं. तिथली कुकी शाबूत असेल तर ती साइट तुम्हाला न विचारता नवा बिल्ला देऊन परत पाठवते. म्हणून लॉगिन करताना पत्त्याच्या पट्टीत क्षणभर कुठलं नाव येऊन जातं ते बघा आणि त्याचीही कुकी काढा.

सगळी यादी एकत्र बघायची तर क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे कुकीजचं पान, आणि त्याच्या आत ‘सी ऑल साइट डेटा अँड परमिशन्स’. वरच्या शोधपट्टीत साइटचं मधलं नाव तेवढं टाका, पुढचे तीन डब्ल्यू टाकू नका; म्हणजे सगळे भाग एकदम खाली येतात.

फायरफॉक्समध्ये सेटिंग, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, खाली ‘कुकीज अँड साइट डेटा’, ‘मॅनेज डेटा’. नाव शोधा, ओळ निवडा, ‘रिमूव्ह सिलेक्टेड’ दाबा. इथे बरीच माणसं खिडकीची फुली दाबून निघून जातात. खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबल्याशिवाय एकही कुकी जात नाही. अभ्यासिकेतल्या किमान चार मुलांची ‘चिवट’ कुकी मी फक्त हे बटण दाखवून घालवली आहे.

एजमध्ये मांडणी क्रोमसारखीच आहे. मॅकवरच्या सफारीत सेटिंग, ‘प्रायव्हसी’, ‘मॅनेज वेबसाइट डेटा’, आणि निवडून ‘रिमूव्ह’.

एफ१२: कपाट उघडून आत बघणं

एवढ्याने भागलं नाही तर आता डोळ्यांनी बघायचं. ही पायरी नवख्यांना परकी वाटते, पण इथे काही मोडत नाही, घाबरू नका. साइटच्या पानावर असताना एफ१२ दाबा. लॅपटॉपवर ते बटण आवाज किंवा प्रकाशासाठी ठेवलेलं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आय. उजवीकडे किंवा खाली एक खिडकी उघडते. क्रोम आणि एजमध्ये वरच्या पट्टीतून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. दिसत नसेल तर दोन बाणांच्या चिन्हामागे लपलेलं असतं. फायरफॉक्समध्ये त्याचं नाव ‘स्टोरेज’.

डावीकडे ‘कुकीज’ लिहिलेलं दिसेल. त्याच्या शेजारचा छोटा त्रिकोण दाबला की साइटची नावं उघडतात, आणि नावावर दाबलं की समोर एक तक्ता येतो. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला मी हा तक्ता पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो म्हणाला, “ताई, हे तर रेशन दुकानातल्या रजिस्टरसारखं आहे.” खरंच तसं आहे. एका ओळीत एक कुकी. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात अक्षरं नि आकड्यांची न संपणारी माळ, तोच बिल्ल्याचा नंबर. मग ‘डोमेन’: इथे साइटच्या नावाआधी टिंब असेल तर ती कुकी सगळ्या उपनावांत चालणारी, टिंब नसेल तर त्या एका भागापुरती. ‘एक्स्पायर्स’च्या रकान्यात तारीख असेल, किंवा ‘सेशन’ एवढंच. नको असलेली ओळ निवडून डिलीट बटण दाबा. ओळ गेली. आता पान ताजं करा आणि तक्त्यावर नजर ठेवा. नव्या नंबरची ओळ आली तर काळजी नको, साइट कुठल्याही नव्या पाहुण्याला बिल्ला देतेच. तीच जुनी ओळख परत आली तर ती दुसरीकडून येतेय.

दुसरीकडून म्हणजे कुठून? त्याच डाव्या यादीत ‘लोकल स्टोरेज’, ‘इंडेक्स्ड डीबी’ आणि ‘सर्व्हिस वर्कर्स’ अशी नावं दिसतात. ही कुकीची भावंडं. साइटला कॉम्प्युटरवर काही ठेवायचं असेल तर आज तिच्याकडे इतकी कपाटं आहेत. बिल्ल्याचा नंबर लोकल स्टोरेजमध्येही लिहून ठेवलेला असेल तर कुकी पुसल्यावर साइट तिथून वाचते आणि कुकी पुन्हा लिहिते. २०१० मध्ये सॅमी कामकार यांनी ‘एव्हरकुकी’ नावाचा प्रयोग करून हे जगाला दाखवून दिलं होतं: एकच खूण अनेक जागी ठेवायची, आणि एकही जागा वाचली तरी तिच्यावरून बाकीच्या सगळ्या पुन्हा भरायच्या. त्या जागांपैकी फ्लॅश प्लेयरची जागा आता नाही, त्याला अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० पासून आधार देणं थांबवलं. बाकीच्या बऱ्याचशा आहेत.

म्हणून एकएक कपाट उपसत बसण्यापेक्षा ‘ॲप्लिकेशन’मध्ये डावीकडे सगळ्यात वरचं ‘स्टोरेज’ दाबा आणि समोरचं ‘क्लिअर साइट डेटा’ बटण दाबा. बटणाशेजारी ‘इन्क्लूडिंग थर्ड-पार्टी कुकीज’ असा चौकोन असतो, त्यावरही खूण करा. या एका साइटची सगळी कपाटं एकदम रिकामी होतात आणि बाकीच्या साइटना धक्का लागत नाही. मला विचाराल तर अख्ख्या लेखातलं सगळ्यात उपयोगी बटण हेच.

“पुसलं” म्हणतोय, पण किती वेळचं?

आता सगळ्यांना माहीत असलेली युक्ती: कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये हे पुसण्याची खिडकी उघडतं. तिच्यात वर एक वेळेचा पर्याय असतो आणि बऱ्याचदा तिथे ‘लास्ट अवर’ निवडलेलं असतं. म्हणजे गेल्या एका तासात जमा झालेलं तेवढंच जाईल. काकूंच्या वेळी हेच झालं. तो मुलगा सकाळी दहाला येऊन अर्ज भरून गेला होता, मी संध्याकाळी सहाला ‘गेल्या तासाचं’ पुसत होते. दोनदा पुसलं, दोनदा त्याची कुकी जागच्या जागी. ‘ऑल टाइम’ निवडलं आणि नाव गेलं. काकूंनी लेकीचं नाव टाकलं आणि पहिल्या पानापासून अर्ज सुरू केला.

ही खिडकी वापरायची तर ‘ऑल टाइम’ निवडा, आणि खुणा दोनच ठेवा: ‘कुकीज अँड अदर साइट डेटा’ आणि ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’. पण इथे सगळ्या साइटवरून बाहेर पडाल, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मी हे शेवटाकडे ढकलते. क्रोममध्ये गूगल खात्याने आत असाल तर त्या खात्यातून मात्र तुम्ही यातही बाहेर पडत नाही; तिथून वेगळं लॉग आउट व्हावं लागतं.

आजार म्हशीला, औषध पखालीला

वर उजवीकडे गोल चित्र असतं, फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर. ती प्रोफाइल. घरात एकाच लॅपटॉपवर दादाची, वहिनीची, ऑफिसची अशा तीन प्रोफाइल असतील तर कुकीची कपाटंही तीन. दादाच्या प्रोफाइलमध्ये बसून वहिनीची कुकी कितीही पुसली तरी ती जाणार नाही. तसंच क्रोममधलं पुसून एजमधलं जात नाही. साधं वाटतं, पण बिघाड ज्या खिडकीत दिसला त्याच खिडकीतून पुसायला सुरुवात करा.

यातलं एक जुनं कपाट वेगळं सांगायला हवं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण काही जुन्या साइट एजमध्ये ‘आयई मोड’ने उघडतात. त्यांच्या कुकीज एजच्या यादीत दिसत नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘इंटरनेट ऑप्शन्स’ उघडा, ‘जनरल’मध्ये ‘डिलीट’ दाबा. तिथे पहिलाच चौकोन ‘प्रिझर्व्ह फेव्हरिट्स वेबसाइट डेटा’ असा असतो. त्याच्यावर खूण असेल तर फेव्हरिट्समध्ये ठेवलेल्या साइटच्या कुकीज मुद्दाम राखल्या जातात. आणि जी साइट रोज लागते तीच आपण फेव्हरिट्समध्ये ठेवतो. ती खूण काढा, मग पुसा.

बंद केलेला ब्राउझर खरंच बंद आहे का

सेशन कुकी ब्राउझर बंद झाल्यावर जाते, असं वर म्हटलं. पण फुली दाबली म्हणजे तो बंद झालाच असं नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली ‘कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड ॲप्स’ असा पर्याय आहे. तो चालू असेल तर क्रोम घड्याळाजवळच्या कोपऱ्यात जागा राहू शकतो. तो पर्याय बंद करा. मॅकवर लाल टिकली दाबल्याने फक्त खिडकी जाते, कमांड आणि क्यू दाबावं लागतं. ‘ऑन स्टार्टअप’मध्ये ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवडलेलं असेल तर ब्राउझर कालचे टॅब आणि त्यांच्यासोबत सेशन कुकीजही परत उभ्या करतो. सामायिक कॉम्प्युटरवर हा पर्याय ठेवूच नये.

नाव दिसतंय, पण कुकीमुळे नाही

रकान्यात टाइप करायला गेल्यावर खाली जुन्या माणसाचं नाव किंवा मोबाइल नंबर लोंबकळताना दिसतो का? ती कुकी नाही, ती ऑटोफिलची यादी आहे. खालच्या बाणाने त्या नावावर जा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. ते एक नाव जातं.

एक्स्टेन्शनचा संशय असेल तर सगळी एकदम बंद करा, कुकी पुसा, बघा; मग एकएक चालू करा. कूपन शोधून देणारी आणि फुकट व्हीपीएन देणारी आधी तपासा. आणि पंखा बघितला एका दुकानाच्या साइटवर, जाहिरात दिसतेय दुसरीकडे, हे कुकी पुसूनही थांबत नसेल तर बहुधा तुम्ही दोन्ही ठिकाणी एकाच खात्याने आत आहात. तिथे ओळख खात्यावरून पटते. ते त्या खात्याच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं.

शेवटचा उपाय: फाइलच बाजूला काढणं

कधी कुकीजची फाइलच खराब होते. पुसण्याची खिडकी फिरत राहते, किंवा पुसल्यावर यादी जशीच्या तशी. मग हात घालायचा तो थेट फाइलमध्ये. यात त्या प्रोफाइलमधल्या सगळ्या साइटच्या कुकीज जातात, एकीची वेगळी काढता येत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून एक ओळ खोडायचा प्रयत्न करू नका; ती डेटाबेसची फाइल आहे, नुसती खराब होईल.

रस्ता पाठ करायची गरज नाही. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि ‘व्हर्जन’ असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा. येणाऱ्या पानावर ‘प्रोफाइल पाथ’समोर त्या प्रोफाइलच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो. तो कॉपी करा. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेन्यूतून ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ हे बटणच दिलंय.

आता ब्राउझर बंद करा, आणि खरंच बंद झाल्याची खात्री करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझरचं नाव दिसलं तर निवडून ‘एंड टास्क’. मग विंडोजच्या फोल्डरच्या पट्टीत मघाचा पत्ता चिकटवा. क्रोम आणि एजमध्ये त्या फोल्डरात ‘नेटवर्क’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘कुकीज’ नावाची फाइल, नावापुढे काहीही शेपूट नसलेली. शेजारी ‘कुकीज-जर्नल’ही असते. फायरफॉक्समध्ये फाइलचं नाव ‘कुकीज’, टिंब, ‘एसक्यूलाइट’. त्याच नावाने सुरू होणाऱ्या आणखी एकदोन असल्या तर त्याही बरोबर घ्यायच्या. मॅकवर क्रोमची फाइल थेट प्रोफाइलच्या फोल्डरात सापडते.

उडवू नका, नाव बदला. मागे ‘जुनी’ असं काहीतरी जोडा. विंडोजने ‘फाइल वापरात आहे’ म्हणून नकार दिला तर ब्राउझर अजून कुठेतरी जागा आहे. टास्क मॅनेजरकडे परत जा. नाव बदललं की ब्राउझर उघडा. तो नवी कोरी फाइल स्वतः तयार करतो. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी जिथल्या तिथे असतात, त्यांच्या फाइल वेगळ्या.

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि सेटिंगमध्ये ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसत असेल तर ही पायरी करू नका. तिथे काही गोष्टी कंपनीच्या आयटी विभागाने ठरवलेल्या असतात, त्यांना विचारा.

अभ्यासिकेत आता आम्ही काय करतो

चारही कॉम्प्युटरवर आम्ही क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी वापरायला सांगतो. प्रोफाइलचं गोल चित्र दाबलं की खाली ‘गेस्ट’ दिसतं. काम झाल्यावर गेस्टच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की कुकीज, हिस्टरी, सगळं जातं. घरी सगळ्यांचा एकच कॉम्प्युटर असेल तर सेटिंगमध्ये सगळ्या खिडक्या बंद झाल्यावर साइट डेटा पुसण्याचा पर्याय चालू करता येतो. फायरफॉक्समध्ये त्यातून एखाददुसरी नेहमीची साइट वगळताही येते, म्हणजे रोज ओटीपीची कटकट नाही.

आणि फाइलचं नाव बदलून ठेवलं असेल तर एक काम उरतं. दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं की ती ‘जुनी’ फाइल शिफ्ट आणि डिलीट दाबून कायमची काढा. तिच्यात तोपर्यंतच्या सगळ्या साइटचे बिल्ले आहेत, आणि त्यातले काही अजून चालणारे असतात.